दानशूराचा खजिनदार

दानशूर माणसांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांच्या नावाने पोवाडे आहेत, पुतळे आहेत, शाळेच्या पुस्तकांत धडे आहेत. कर्णाने कवचकुंडलं काढून दिली हे खरंच. पण ती निदान त्याच्या स्वतःच्या अंगावरची होती. ज्याच्या अंगावर देण्यासारखं काही नसतं आणि तरीही ज्याचा हात थांबत नाही, अशा दानशूराचं कसं भागतं, याची चौकशी व्यासांनीही केलेली नाही. मी सांगतो. त्याचं भागतं मित्राच्या जिवावर. पुण्य त्याच्या खात्यात जमा होतं आणि वस्तू मित्राच्या घरातून वजा होत जातात. कारंज्यात अशाच एका माणसाचा मी पुष्कळ वर्षं बिनपगारी खजिनदार होतो. नेमणुकीचं पत्र मला कुणी दिलं नव्हतं, राजीनाम्याची सोय नव्हती, आणि जागा रद्द झाली तेव्हा कुणी मला विचारलंही नाही.

त्याला सगळे भाऊ म्हणत. वऱ्हाडात ही काही पदवी नव्हे. चहाच्या टपरीपासून आमदाराच्या बैठकीपर्यंत आम्ही ज्याला त्याला भाऊच म्हणतो. पण याला बापाच्या वयाची माणसंही भाऊ म्हणत आणि बालवाडीतली पोरंही. उंची बेताची, अंगकाठी सडपातळ, एका धान्याच्या अडतीवर हिशेब लिहायला. कानावर पेन ठेवायची दिवाणजींची रीत त्याने लवकर उचलली होती, आणि ते पेन कायम गळकं, त्यामुळे उजव्या कानामागे एक निळा ठिपका असायचा. आईने लावलेली तीट गालावरून घसरत मागे जाऊन बसावी तसा. चालणं मात्र अजब. जुन्या कारंज्याला चार वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. साधारण माणूस एका वेशीतून निघून दुसरीला पोचतो तेवढ्या वेळात भाऊ पहिल्या वेशीच्या सावलीतूनही बाहेर पडलेला नसे. कुणाच्या सायकलची चेन उतरलेली असे, कुणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरून हवा असे, कुणाला सून नांदत नाही हे सांगायला माणूस हवा असे, आणि भाऊ या सगळ्यांना नेमका सापडत असे. शहाणी माणसं अशा वेळी बाजूच्या गल्लीने निघून जातात. भाऊला कारंज्यातल्या सगळ्या गल्ल्या पाठ होत्या. त्यांचा हा उपयोग तेवढा त्याला ठाऊक नव्हता.

पहिला बळी माझ्या छत्रीचा गेला. मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. अडतीच्या ओट्यावर खुंटीला टांगलेली माझी लाकडी मुठीची छत्री संध्याकाळी जागेवर नव्हती. "स्टँडवर एक बाई होती लेकराले घेऊन," भाऊ म्हणाला, "देल्ली म्या तिले." मी म्हटलं, "अबे, पण ते माही होती!" त्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओशाळलेपण औषधालाही नव्हतं, होतं ते निखळ आश्चर्य. "तेच तं," तो म्हणाला, "माह्यापाशी कुठी आहे छत्री?" हा युक्तिवाद मी नंतर पुष्कळ दिवस उलटासुलटा करून पाहिला. त्यात खोट सापडत नाही. ज्याच्याजवळ छत्री नाही तो ती देणार कशी? जी द्यायची ती कुणाजवळ तरी असलेलीच असणार. त्या संध्याकाळी आम्ही दोघे भिजत घरी निघालो. मी कुरकुरत होतो, तो समजूत घालत होता, "काहून चिडतं बे इतका? पाणी का तुह्याच एकट्याच्या डोक्यावर पडून राह्यलं?" पुढच्या साली मी नवी छत्री घेतली आणि पेंटरकडून तिच्या कापडावर ठळक पांढऱ्या अक्षरांत माझं नाव घालून घेतलं. तीही गेली. ती एका म्हाताऱ्या भाजीवाल्याकडे पोचली आणि बाजारात लोक त्याला माझ्या नावाने हाका मारू लागले. म्हातारा ओ द्यायचा. एकदा मला कुणी त्याच नावाने हाक मारली, तर त्यानेच आधी वळून पाहिलं.

कारंजा हे खरं म्हणजे मापातोलाचं गाव. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ साली इथे कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतकी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी दरात मिळावा हा साहेबाचा मतलब. त्या ओघात वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पदरात खरं माप पडलं, तर साहेबाची तक्रार नव्हती. एवढ्या जुन्या काट्याच्या गावात भाऊसारखा माणूस निपजावा ही हिशेबातली चूकच म्हणायची. गंमत अशी की अडतीच्या वहीत त्याची कधी पैची चूक निघाली नाही. मापाऱ्याने सांगितलेला आकडा तो शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी, मग लिही, आणि लिहिलेला पुन्हा वाचून दाखवी. वही मिटली की हिशेबही मिटला. पुढचा सगळा व्यवहार उधळपट्टीचा, आणि तो माझ्या खात्यावर.

आमच्या तरुणपणी कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती. हंगामात संकलन केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे आणि नंबर येईपर्यंत शेतकरी रात्रही तिथेच काढत. अशाच एका पौषातल्या रात्री भाऊ आमच्या दारात उभा. "काकू, दुलई आहे का एखांदी?" त्याच्याकडे पाहुणे आले असतील असं समजून आईने फुलांची खोळ घातलेली दुलई दिली. सकाळी मी केंद्रावरून जात होतो, तर आमची ती फुलं एका बंडीवर उमललेली दिसली. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगावर एक शेतकरी झोपला होता आणि त्याच्या अंगावर आमची दुलई होती. खाली कित्येक क्विंटल कापूस, आणि वर पांघरायला त्याचं स्वतःचं काही नाही. कुणाला हसावं हे मला कळेना, म्हणून मी नुसता पाहत राहिलो. दुलई परत आली तेव्हा तिला विडीचा आणि बैलांचा वास होता. आईने ती दोन दिवस उन्हात घातली आणि चकार शब्द काढला नाही. मात्र त्यानंतर तिने जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवल्या आणि गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. "भाऊ आला तं हे दे," म्हणाली. खजिन्याचं असं संयुक्त खातं झालं.

बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसतं की विदर्भात कारंजे दोन आहेत. आमचं हे लाडांचं कारंजा, आणि दुसरं घाडग्यांचं, तिकडे वर्धा जिल्ह्यात. नुसतं "कारंजा" म्हणून निघालेला माणूस कधी इकडे येऊन पडतो, कधी तिकडे. एका लग्नसराईत आपल्या भाचीच्या लग्नाला निघालेले एक मामा रात्री आमच्या स्टँडवर उतरले. डोक्याला फेटा, काखेत आहेराची पितळी गुंडी. मांडव कुठे विचारत ते अर्धं गाव फिरले आणि अखेर, अर्थातच, भाऊला सापडले. लग्न घाडग्यांच्या कारंज्यात होतं. भाऊने त्यांना आपल्या घरी न्यायला हवं होतं. पण त्याच्या घरात खोल्या दोन आणि माणसं सात, म्हणून त्याने ते माझ्या घरी आणले. आईने पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. मामा जेवताना गदगदून म्हणाले, "पोरी, तुह्या हातचं लग्नाच्या पंगतीत भेटलं नसतं." पहाटे भाऊने त्यांना गाडीत बसवून दिलं, तिकीट माझ्या खिशातून निघालं. महिन्याभराने मामांचं आभाराचं कार्ड आलं. पत्त्यावर भाऊचं नाव आणि पुढे "मु. पो. कारंजा" एवढंच. ते आधी घाडग्यांच्या कारंज्याला जाऊन आलं होतं, तसे दोन शिक्के त्यावर होते. भाऊने ते मला वाचून दाखवलं. त्यात माझ्या पिठल्याचा उल्लेख होता, माझा नव्हता.

आमच्या गावातून शकुंतला जायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रुळांवर धावणारी, म्हणजे खरं तर चालणारी. विदर्भाचा कापूस बंदराकडे न्यायला विलायती कंपनीने घातलेली ही लाइन. तिचं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरचं. कापूस मँचेस्टरला गेला आणि बदल्यात इंजिन इकडे आलं, असा तो सौदा. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन निवृत्त झालं आणि डिझेलचं आलं. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत फाटक आलं की गाडीवरचाच माणूस उतरून ते लावी, गाडी पार होई, मग तो फाटक उघडून पुन्हा गाडीत बसे. जगातल्या इतर गाड्या माणसांना मागे टाकून जातात. शकुंतला माणसांना सांभाळून जायची. भाऊला ती गाडी फार आवडे, आणि गाडीलाही तो आवडत असावा. मागून कुणी म्हातारी गाठोडं घेऊन धावत येताना दिसली की तो गार्डला गप्पांत गुंतवून ठेवी, त्याच्या मुलीचं स्थळ कुठवर आलं ते विचारी. म्हातारी चढेपर्यंत स्थळाची चौकशी संपत नसे. डिझेल इंजिन आलं त्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "कसं वाटते नवं इंजिन?" तो जरा विचार करून म्हणाला, "बरं आहे. पण ते पह्यलं दम खाये ना बे, तं लोकाईले बी दम खायाले भेटे."

त्याचं मन कसं चालायचं याचा एक पुरावा माझ्यापाशी आहे. कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात. कुणी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत आला. एवढा माल घ्यायची कुणाची ऐपत होईना. तेव्हा इथल्या एका सावकाराने ती सगळी कस्तुरी विकत घेतली आणि आपल्या हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली. ही गोष्ट गावात सगळे श्रीमंतीचा तोरा म्हणून सांगतात. बघा, आमच्या गावात काय पैसा होता! मीही पाहुण्यांना तशीच सांगत असे. एकदा भाऊ शेजारी बसून ऐकत होता. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "तोरा नसंन रे तो. इतक्या दुरून आला होता बिचारा, उंट घेऊन. त्याले रिकामं वापस कसं धाडावं, म्हणून घेतली असंन त्यानं. मंग घरात इतक्या कस्तुरीचं करावं काय, म्हणून देल्ली चुन्यात टाकून." मी कित्येक वर्षं ती गोष्ट सांगत होतो; उंटवाल्याला परत जायचं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर ती गोष्ट मला जुन्या पद्धतीने सांगताच आलेली नाही.

डिझेल इंजिन आलं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो आजारी पडला. आधी नुसता थकवा, मग ताप, मग कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं, आणि मग जीपमध्ये गादी टाकून नागपूर. तिशीही त्याने गाठलेली नव्हती. मी भेटायला जायचो तेव्हा त्याच्या खाटेखाली मोसंबी नसायची. नातेवाईक आणत, तो वॉर्डात वाटून टाकी. आता त्याला उठता येत नव्हतं, म्हणून वाटायचं कामही माझ्याकडे आलं होतं. "त्या कोपऱ्यातल्या बाबाले दोन दे, त्याचं कोणी येत नाही." "त्या बाईले चहा आणून दे ना खालून, रातभर बसून आहे." सगळे भेटायला येणारे त्याच्याशी खालच्या आवाजात बोलत, त्याच्या उशाशी गंभीर चेहऱ्याने बसत, त्याने काही मागितलं की डोळे पुसत उठत. मी तेवढा कुरकुरायचो. "घरी गेल्यावर सगळा हिशेब घेतो तुह्या," म्हणायचो. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "तुह्यापाशी सुटे आहेत काय बे?" शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या बापाला गावी जायला एसटीचं भाडं हवं होतं. मी म्हटलं, "अबे, मी का बँक आहो काय?" आणि दिले. तो हसला. पुष्कळ दिवसांनी मोकळा हसला. बाकी सगळ्यांनी त्याला मरणाच्या ओटीवर नेऊन बसवलं होतं. माझी कुरकुर ऐकली की तो तेवढ्यापुरता अडतीच्या ओट्यावर परत येऊन बसत असे. त्या कुरकुरीबद्दल मला आज रतीभरही पस्तावा नाही.

शोकसभा झाली. कारंज्यात शोकसभा चांगल्या होतात. अजातशत्रू, देवमाणूस, समाजाची हानी, न भरून निघणारी पोकळी, सगळे शब्द आपापल्या जागी येऊन बसले. टेबलावर हार घातलेला फोटो होता. फोटो समोरून काढलेला, त्यामुळे कानामागचा निळा ठिपका त्यात नव्हता. एका वक्त्याने सांगितलं की त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि ज्या माणसाने माझ्याकडून छत्र्या, दुलई, पिठलं, तिकिटं आणि सुटे पैसे मागून घेतले, त्याचं हे चरित्र ऐकत होतो. मागे भिंतीशी तो भाजीवाला म्हातारा उभा होता. बाहेर कडक ऊन होतं, तरी छत्री आणली होती, माझ्या नावाची. दोन शब्द बोलायला मला उठवलं, पण "तो फार चांगला होता" याच्यापुढे माझी गाडी गेली नाही. जे बोलायचं होतं ते शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. मला सांगायचं होतं की तो फार महागात पडायचा.

अकाली गेलेल्या माणसाला कसं आठवावं हे मला पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या "स्मृतिचित्रे" या आत्मचरित्रातून शिकवलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावात १८९० साली जन्मलेला मुलगा, १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्याने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्याला "बालकवी" म्हटलं. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनी त्याला आपल्या घरी नगरला आणून ठेवलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना तो गाडीखाली सापडला. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढच्या जानेवारीच्या २३ तारखेला आमच्या विदर्भातल्या सावनेरला राम गणेश गडकरी गेले, तेहेतीस वर्षांचे असताना, "राजसंन्यास" अर्धं टाकून. आणि मे महिन्यात खुद्द रेव्हरंड टिळक गेले. साधारण वर्षभरात मराठी कवितेच्या घरातली तीन माणसं उठून गेली. या सगळ्यांवर पुढे पुष्कळ गौरवाचं लिहिलं गेलं. पण "स्मृतिचित्रे" वाचताना जो ठोंबरे भेटतो तो गौरवातला नाही. तो घरात वावरणारा, हट्ट करणारा, रुसणारा, लक्ष्मीबाईंना त्रास देणारा आणि त्यांच्या मायेत वाढणारा मुलगा आहे. महाकवीचा मृत्यू बाईंनी लिहिला असता तर तो मोठा झाला असता. त्यांनी घरातलं पोर लिहिलं, म्हणून ते पोर अजून रुसून बसलेलं दिसतं. भादलीचा प्रसंग आठवला की माझ्या मनात एक वेडगळ विचार येतो. त्या दिवशी त्या रुळांवर मोठ्या लाइनची गाडी नसती, आमची शकुंतला असती, तर ड्रायव्हरने लांबूनच इंजिन थांबवलं असतं आणि बाहेर डोकावून विचारलं असतं, "कुठी चालले कविराज? बसा मांगच्या डब्यात." भाऊ आत असताच. तो सरकून बसला असता.

कारंज्याला मुलगा गमावण्याची जुनी ओळख आहे. नृसिंह सरस्वतींचा जन्म इथलाच, शके १३०० च्या सुमाराचा, काळ्यांच्या घरातला. गुरुचरित्र सांगतं की हा मुलगा मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज काही बोलत नव्हता आणि मुंज झाल्यावर बोलला तो घर सोडून जायची भाषा. आई रडली, तेव्हा तिला आणखी मुलं होतील असं त्याने सांगितलं, ती होईपर्यंत थांबला, मग काशीची वाट धरली. तीस वर्षांनी एकदा परत येऊन आईला भेटूनही गेला. गुरुमंदिरात गेलं की भाऊची आई पुष्कळदा सभामंडपाच्या खांबाशी बसलेली दिसे. ती फार देवभोळी नव्हती. मी एकदा विचारलं, "काकू, इथंच बसता काय रोज?" त्या म्हणाल्या, "इथच्या बाईचा पोरगा तीस वर्सांनं आला होता. म्हून बसतो." आणि मग माझा चेहरा पाहून हसल्या, "भेऊ नको. मले समजते. सावली चांगली आहे इथं." त्या माउलीच्या हसण्यात भाऊचं हसणं जसंच्या तसं होतं. जाताना त्यांनी मला विचारलं, बाहेर बसलेल्या म्हातारीला द्यायला माझ्याकडे काही आहे का. तेव्हा कळलं, ही देण्याची रीत कुठून आली होती. खजिनदाराची जागा रद्द झालेली नव्हती. फक्त काही काळ बदलीवर होती.

१ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा त्यात गेलं. भाऊ त्याआधीच गेलेला, त्यामुळे सरकारी कागदांत तो कायमचा अकोला जिल्ह्यातला राहिला आहे. आम्ही घरच्या घरी बसून जिल्हा बदलला. शकुंतला आता बंद आहे. त्याऐवजी गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला आणि डिसेंबर २०२२ पासून त्यावर गाड्या ताशी १२० किलोमीटरने सुटतात. ज्या नागपूरला भाऊची जीप रात्रभर खड्डे मोजत पोचली होती, ते आता दोन-अडीच तासांवर आलं आहे. हा रस्ता तेव्हा असता तर काही वेगळं झालं असतं का, असं मन विचारतं. झालं नसतं, हे मला ठाऊक आहे. रोग वेगाला भीक घालणारा नव्हता. शिवाय भाऊ गाडीत असता तर वाटेत हात दाखवणाऱ्या प्रत्येकासाठी त्याने ती थांबवायला लावली असती, आणि महामार्गावर थांबायला मनाई आहे हे त्याला कुणी पटवून देऊ शकलं नसतं.

माझ्या घरात आता सगळं जागच्या जागी असतं. छत्री वर्षानुवर्षं तीच आहे. दुलया कपाटात घडी घालून आहेत. पाहुणे येतात ते पत्ता नीट विचारून, फोनवरचा नकाशा पाहून येतात. कुणी चुकून आमच्या कारंज्यात उतरत नाही, आणि उतरला तरी माझ्या दारात आणून सोडणारा कुणी नाही. माणसाची वस्तू त्याच्यापाशीच राहावी हे किती बेचव असू शकतं, याचा मला अंदाज नव्हता. भाऊच्या काळात माझ्या घरातल्या सगळ्या वस्तू माझ्याच होत्या, तरी त्यातल्या अर्ध्या गावभर हिंडत असत आणि मीही त्यांच्या मागोमाग गावभर ओळखीचा होत असे. कापूस संकलन केंद्रावरचा तो शेतकरी अजून बाजारात दिसला की हात वर करतो. त्याने भाऊला पुरतं ओळखलंही नव्हतं. दुलई त्याला आठवते.

एवढ्या वर्षांच्या खजिनदारीतून मी एकच निष्कर्ष काढला आहे. भल्या माणसाचा भलेपणा एकट्याच्या बळावर चालत नाही. मागे कुणीतरी छत्र्या विकत घेणारा लागतो, पिठलं टाकणारी लागते, सुटे पैसे खिशात बाळगणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे मनापासून कुरकुरणारा लागतो. नाहीतर लोक त्या बिचाऱ्याला जिवंतपणीच फोटोत घालून हार चढवतात. तुमच्या ओळखीत असा कुणी दुसऱ्याच्या वस्तू वाटत सुटलेला माणूस असेल, तर त्याच्या खजिनदाराची जागा रिकामी आहे का, ते बघा. पगार नाही, बढती नाही, नावही होत नाही. तरी आजच रुजू व्हा, कारण ही नोकरी किती दिवसांची आहे हे नेमणुकीच्या वेळी कुणी सांगत नाही.